फक्कीपासून सुरुवात करा

दापोडीतलं आमचं कबड्डीचं मैदान संध्याकाळी साडेपाचला तयार व्हायला लागतं. आधी झाडू फिरतो, मग पाइपने पाणी. माती जरा बसली की दोन खिळे आणि एक दोरी बाहेर येते. राज्य स्पर्धा खेळलेले अण्णा वाकून दोरी ताणतात, खिळ्याला तिढा देतात आणि मुठीतून फक्की सोडत दोरीच्या कडेने चालत जातात. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. अण्णांना टेप लागत नाही. पावलांनी मोजतात, आणि नंतर आम्ही टेप लावून पाहिली तेव्हा चार बोटांचा फरक निघाला.

हे सगळं आम्ही चार मित्रांनी, ज्याला जमेल तसं, पहिले तीन महिने पाहिलं आणि एकदाही चित्रित केलं नाही. आम्ही सामन्याची वाट पाहत होतो. कॅमेरा बॅगेत, बॅग खुर्चीवर, आणि आम्ही चहा पीत उभे. पुढे जो माहितीपट झाला त्याची सुरुवात त्याच फक्कीने होते. ज्यांना मित्रांबरोबर, पदरचे पैसे घालून, आपल्या भागातल्या खेळावर माहितीपट करायचा आहे, त्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: सामन्याच्या दिवशी सगळेच कॅमेरा नेतात, तुम्ही सरावाच्या दिवशी न्या.

यामागे कारण आहे. सामना टीव्हीवर तुमच्यापेक्षा कितीतरी चांगला दिसतो. प्रो कबड्डीच्या सामन्याला कितीतरी कॅमेरे असतात, तीस सेकंदांची एक चढाई चार बाजूंनी पुन्हा दाखवतात. ते तुम्हाला जमणार नाही आणि जमवायचीही गरज नाही. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. तुम्ही तिथेच राहता. मंगळवारी संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर, मैदानावर फक्त पाचच पोरं आली आहेत, त्यातला एक सेकंड शिफ्टला जायच्या आधी अर्धा तास येऊन गेला, हे पाहायला बाहेरचं कुणी येणार नाही. तुम्ही सलग दोन वर्षं येऊ शकता. तुमचं खरं भांडवल तेवढंच.

आपल्याच दापोडीचं उदाहरण घ्या. हॅरिस पुलावरून मुळा ओलांडून आलात की सीएमईची, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची हद्द लागते. तिथल्या रोइंग केंद्रात दत्तू भोकनळ घडला. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, कायम पाण्याची ओढ असलेला मुलूख. वडील विहिरी खणायचे, हाही त्या कामावर जायचा. २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि त्यानंतर वल्हं हातात घेतलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंगला भारताचा तो एकटाच होता. एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीत तब्येतीने दगा दिला आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्ण मिळालं. शर्यत दोन हजार मीटरची, जेमतेम सात मिनिटांची. नुसती शर्यत चित्रित केलीत तर सात मिनिटंच हाती लागतील. पाणी लागेपर्यंत विहीर खणणाऱ्या घरातला मुलगा पाण्यावर कसा आला, हे त्या सात मिनिटांच्या बाहेर आहे.

दुसरं उदाहरण मुरलीकांत पेटकरांचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पुढे टेल्कोत नोकरी. पिंपरी-चिंचवडमधल्या शेकडो माणसांसारखाच कंपनीत कामाला जाणारा माणूस. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, मोठा हिंदी चित्रपट आला २०२४ मध्ये. सुवर्ण आणि पद्मश्री यांच्यामध्ये शेचाळीस वर्षं गेली. तेव्हा कॅमेरा महाग होता, फिल्मचं रीळ महाग होतं, हे मान्य. आज खिशात कॅमेरा आहे. तुमच्या गल्लीत राज्य स्पर्धा खेळलेली, खेळाडूंच्या कोट्यातून कंपनीत लागलेली, आता गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणारी माणसं आहेत. मला सगळ्यात जास्त घाई त्यांची वाटते. तरुण खेळाडू पुढच्या वर्षीही भेटेल. सत्तरीतल्या माणसाची मुलाखत या महिन्यात घ्या.

विषय निवडताना घरापासून किती लांब आहे हे आधी बघा. नेहरूनगरला मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे, भोसरी-चिखली-मोशीकडे कुस्ती आणि बैलगाडा आहे, दापोडी-फुगेवाडी-कासारवाडीत कबड्डीची मंडळं आहेत. यातलं काय जास्त भव्य दिसेल असा विचार करू नका. कामावरून आल्यावर वीस मिनिटांत कुठे पोचता येईल याचा करा. आमच्यातल्या दोघांची सुट्टी गुरुवारी, एकाची रविवारी आणि चौथ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. चौघं एकत्र असा दिवस महिन्यातून एखादा. म्हणून आम्ही ठरवलं की दोघं असले तरी काम थांबणार नाही आणि प्रत्येकाला कॅमेरा आणि आवाज दोन्ही आलं पाहिजे. ‘हा कॅमेरामन, तो साउंडवाला’ अशी वाटणी पहिल्याच महिन्यात मोडली, आणि बरं झालं.

आता परवानग्या. इथे दापोडीकरांनी जास्त जपायला हवं. सीएमई हा लष्करी भाग आहे. आत तर नाहीच, कुंपणाच्या भिंतीकडे कॅमेरा रोखूनही उभं राहू नका. आतल्या खेळाडूवर काम करायचं असेल तर रीतसर लेखी अर्ज आणि कितीही वेळ लागला तरी वाट पाहणं, एवढाच मार्ग. तोवर खेळाडूचं गाव, घर, शाळेतले गुरुजी यांच्याकडे जाता येतं. ड्रोनचा मोह तर सोडूनच द्या. २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरवा, पिवळा, लाल असे भाग पाडले आहेत. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहणं बंधनकारक आहे, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अडीचशे ग्रॅमच्या आतलं खेळण्याएवढं ड्रोनही चालत नाही. आपल्या एका बाजूला सीएमई, पलीकडे खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने, आणि लोहगावचा हवाई दलाचा तळही लांब नाही. मैदान वरून दाखवायचंच असेल तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर जा. सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी भेटा, आणि चित्रपट झाला की त्यांना बोलवायला विसरू नका.

रेल्वे स्टेशन आणि मेट्रो स्थानकातही परवानगी लागते. खेळाडू लोकलने प्रवास करतो हे दाखवायला फलाटावर तिपाई लावायची गरज नसते. घरातून निघताना आणि परत येताना दाखवलं की मधला प्रवास कळतो. महापालिकेचं मैदान असेल तर क्रीडा विभागाकडे अर्ज करा आणि पोचपावतीची प्रत कायम बॅगेत ठेवा. कुणी हटकलं तर वाद न घालता ती प्रत दाखवायची.

माणसांची परवानगी त्याहून महत्त्वाची. ज्याच्यावर चित्रपट आहे त्याच्याकडून पहिल्याच आठवड्यात मराठीत, सोप्या शब्दांत लिहून घ्या: चित्रण कशासाठी, कुठे कुठे दाखवणार, त्याला काय मिळणार आणि काय नाही. कागद त्याला वाचून दाखवा, घाईने सही घेऊ नका. अठरा वर्षांखालच्या खेळाडूसाठी आईवडिलांची लेखी संमती हवीच. मुलींच्या संघावर काम करत असाल तर घरी जाऊन, आई-आजीसमोर बसून बोला. एका मुलीच्या आईने आम्हाला विचारलं होतं, ‘‘दादा, हे मोबाइलवर सगळीकडे फिरणार का?’’ आम्ही हो म्हणालो, कारण ते खरं होतं. त्यांनी दोन दिवस विचार करून नाही कळवलं. आम्ही तिचं सगळं चित्रण काढून टाकलं. त्या माउली नंतर अंतिम सामन्याला आम्हा चौघांसाठी डबा घेऊन आल्या होत्या.

मित्रांमधला कागद हा मात्र सगळ्यांना अवघड वाटणारा भाग. ‘‘आपल्यात कशाला लिहायचं?’’ हे वाक्य आमच्याकडेही झालं. लिहा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो, दिग्दर्शक नाही. म्हणजे चौघांनी पैसे घातले आणि कागदावर एकाचंच नाव लागलं तर उद्या गोंधळ तिथेच होतो. कुणी किती घातले, घातलेलं सामान कुणाचं, पैसे आलेच तर आधी काय फेडायचं, अंतिम संकलनावर मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, आणि मधेच एखादा सोडून गेला तर त्याचं नाव कसं येणार, या पाच गोष्टी एका पानात बसतात. आमच्यातल्या एकाची दीड वर्षाने चाकणच्या पुढच्या कंपनीत बदली झाली. येणंजाणंच तीन तासांचं, तो गळाला. कागद होता म्हणून कटुता आली नाही. त्याने केलेल्या चित्रणाला त्याचं नाव आहे, आणि मुलाखतींचं लिखाण त्याने घरून करून दिलं.

पैशांसाठी कुणी स्थानिक पुढारी किंवा दुकानदार मदत देऊ करेल. घ्यायला हरकत नाही, पण अट विचारा. शेवटच्या श्रेयनामावलीत आभार, एवढंच देता येईल असं आधी सांगा. सत्काराचं दृश्य घालायची अट असेल तर नम्रपणे नको म्हणा. पैसा थोडा लागतो, पण कुठे लागतो हे नवख्यांना उलटं वाटतं. कॅमेऱ्यापेक्षा साठवणीला जास्त लागतो. १०० मेगाबिटच्या दराने चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी भरतात. पन्नास तासांचे सव्वादोन टीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या तर साडेचार. दोन प्रती ठेवाच, आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. आमच्याकडे आधी एकच डिस्क होती. ती टेबलावरून पडली आणि एका पावसाळ्याचं काम गेलं. साधं एचडी २५ मेगाबिटने केलं तर तासाला सव्वाअकरा जीबीत भागतं, आणि मैदानावर पडदा बांधून दाखवायला ते पुरेसं असतं.

रात्रीच्या चित्रणाची एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात आमचे पाच-सहा सराव वाया गेले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बरेचसे दिवे त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला असतो, म्हणून ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकतात. सेटिंग २५ फ्रेम आणि शटर पन्नासावा भाग असं ठेवा. संथ गती हवी असेल तर ५० फ्रेम आणि शटर शंभरावा भाग. १२० किंवा २४० फ्रेमची संथ गती दिवसा उन्हातच वापरा. दिव्याखाली तीत सगळं मैदान धडधडल्यासारखं दिसतं.

आवाजाकडे मात्र चित्रापेक्षाही जास्त लक्ष द्या. कबड्डी हा मुळात श्वासाचा खेळ आहे. चढाईला गेलेल्या पोराचा दम, मातीवर पायाचा घासा, पकड झाल्यावर सात जणांचा एकदम निघणारा हुंकार, हे ऐकू आलं नाही तर चित्र कितीही सुंदर असो, मुकं राहतं. खेळाडूच्या अंगावर माइक लावू नका, पकडीत त्यालाच लागेल. रंगाऱ्यांकडे असते तशी लांब काठी घ्या, तिच्या टोकाला माइक बांधा आणि एकाला तेवढंच काम द्या. प्रशिक्षकाच्या कॉलरला छोटा वायरलेस माइक चालतो. सराव चालू असताना ते स्वतःशी जे पुटपुटतात, ते कुठल्याही मुलाखतीत मिळत नाही. आणि मंडळाचा स्पीकर चालू असेल तर विनंती करून बंद करायला लावा. मागे वाजणारं सिनेमाचं गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असतं, चित्रपट इंटरनेटवर टाकला की अडकतो, आणि ते आवाजातून नंतर नीट वेगळं काढणं अवघड असतं.

दापोडीत मुलाखत घेणं ही तर परीक्षाच. एका बाजूला रेल्वे, एका बाजूला हमरस्ता, वरून मेट्रो. खोली निवडण्याआधी डोळे मिटून दहा मिनिटं तिथे बसा. मागची खोली बहुधा बरी. खिडकीवर आणि दारावर गोधड्या टांगा, पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना तुमच्या गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहणार नाही. लोकल आली की थांबा. बोलणाऱ्याला सांगा, ‘‘गाडी जाऊ दे, मग तेच परत सांगा.’’ कुणी रागावत नाही. इथल्या प्रत्येकाला गाडी जाईपर्यंत थांबायची सवय आहे.

प्रश्न कसे विचारायचे याचा सराव करा. ‘‘कसं वाटलं?’’ याला ‘‘छान वाटलं’’ एवढंच उत्तर मिळतं. अण्णांना आम्ही राज्य स्पर्धेतल्या पराभवाबद्दल तीनदा विचारलं, तीनही वेळा दोन वाक्यांत संपवलं. चौथ्या वेळी आमच्यातल्या एकाने विचारलं, ‘‘अण्णा, त्या दिवशी घरातून निघताना काय खाल्लं होतं?’’ ते जरा थांबले. म्हणाले, ‘‘काही नाही. वजन मर्यादेत भरायला हवं होतं. बायकोने भाकरी बांधून दिली होती, ती संध्याकाळी तशीच परत आणली.’’ मग गप्प झाले. आम्हीही गप्प राहिलो, कॅमेरा चालू. त्यानंतर ते वीस मिनिटं बोलले. गप्प राहता येणं हे कौशल्य आहे आणि ते शिकता येतं: उत्तर संपलं असं वाटलं की मनात दहापर्यंत मोजा.

किती काळ चित्रण करायचं याला नियम नाही, पण एक जुनं उदाहरण माझ्या कायम डोळ्यांपुढे असतं. स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट या तिघांनी शिकागोतल्या दोन शाळकरी बास्केटबॉलपटूंवर अर्ध्या तासाची फिल्म करायला घेतली. पोरं मोठी होत गेली, हे तिघे जात राहिले. सुमारे पाच वर्षं आणि अडीचशे तासांचं चित्रण झालं, त्यातून जेमतेम तीन तासांचा ‘हूप ड्रीम्स’ निघाला, १९९४ मध्ये. तो पाहाल तर लक्षात येईल की सर्वांत हलवून टाकणारी दृश्यं मैदानाबाहेरची आहेत. एका घरातली वीज तोडलेली असते, ते दृश्य कुठल्याही बास्केटपेक्षा जास्त काळ आठवतं. आपल्याकडेही तेच आहे: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची फी, कंपनीतला करार संपण्याची तारीख, लग्न ठरल्यावर मुलीचा खेळ सुटणं. तिथपर्यंत पोचायला घरात तुमचं येणंजाणं हवं, आणि ते चारपाच महिन्यांत होत नाही.

संकलनाला बसण्याआधी वही करा. दर चित्रणाच्या रात्रीच तारीख, कोण होतं, काय घडलं आणि फाइलचा क्रमांक लिहा. मुलाखती शब्दशः उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण कागदावर वाचताना जी वाक्यं जिवंत वाटतात तीच पुढे टिकतात. डाविन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अशा कामाला पुरते. पहिला कच्चा आराखडा दीड तासाचा होईल. तो तिसऱ्या माणसाला दाखवा, कबड्डी न कळणाऱ्याला. तो कुठे मोबाइल बघायला लागतो ते टिपा. आमचा शेवटी बेचाळीस मिनिटांचा झाला, आणि माझ्या मते अजून पाच मिनिटं जास्तच आहे.

जुने फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं वापरताना मूळ मालकाला विचारा. फोटोवर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. टीव्हीवरच्या सामन्याचे तुकडे घालू नका, त्यांचा हक्क प्रक्षेपकाकडे असतो. थिएटरमध्ये तिकीट लावून दाखवायचं असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांसाठी वेगळी सूट असते, आयोजक सांगतात. मुंबईचा ‘मिफ’ हा १९९० पासून दर दोन वर्षांनी होणारा महोत्सव खास माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनसाठी आहे, तिथे पाठवाच. इंग्रजी सबटायटल आधीच करून ठेवा. ‘दम’ आणि ‘पकड’ यांची भाषांतरं करताना घाम फुटतो, तेव्हा त्यासाठी महिनाभर हाताशी ठेवा.

पण महोत्सवाच्या आधी मैदानावर दाखवा. पांढरा पडदा, भाड्याचा प्रोजेक्टर, दोन स्पीकर. पोलीस चौकीत आधी अर्ज द्या आणि रात्री दहाच्या आत संपवा, कारण दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. त्याच्याही आधी, ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांना घरी जाऊन एकट्याने बघू द्या. अण्णांनी पूर्ण पाहिला. दोन चुका काढल्या: एका स्पर्धेचं वर्ष आणि एका जुन्या खेळाडूचं गाव. त्या रात्रीच दुरुस्त केल्या. मग त्यांनी विचारलं, ‘‘ती भाकरीची गोष्ट हिला ऐकवलीत का?’’ काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांना बाहेर बोलावलं आणि तेवढा भाग परत लावला.

चित्रपटात न घेतलेल्या मुलाखतीही पूर्णच्या पूर्ण पेनड्राइव्हवर उतरवून त्या त्या घरात द्या. आम्ही अकरा दिले. प्रत्येकावर नाव आणि तारीख पेनाने लिहिली, कारण घरातले सगळे पेनड्राइव्ह सारखेच दिसतात.